उन्हावाऱ्यात गुंतलेले दाजी

निराश व्हायला माणसाला काहीतरी कारण लागतं असा माझा समज होता. थोरल्या साडूंची ओळख झाली आणि तो समज गेला. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात त्यांच्याइतका पक्का, मुरलेला आणि मनापासून निराश माणूस दुसरा सापडणार नाही. आणि आयुष्यभराची पुंजी ऊन आणि वारा या दोन गोष्टींवर लावून मोकळा झालेला माणूसही दुसरा सापडणार नाही. हे दोघे एकाच देहात कसे राहत होते हे कोडं माझ्या सासरच्या लोकांना आजवर सुटलेलं नाही. सासरचे सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पाहुणे म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी पोरं नोकरीला लागली, तरी मी पाहुणाच आहे. कारण हा जावई टिकेल की नाही याबद्दल त्यांनी सुरुवातीला जी शंका घेतली ती अजून अधिकृतपणे मागे घेतलेली नाही.

आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मी बोहल्यावर चढायच्या तयारीत, आणि हे गृहस्थ मंडपामागे जनरेटरपाशी कान लावून उभे. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, हा बंद पडणार. मंगलाष्टकं संपेपर्यंत जनरेटर चालला तेव्हा त्यांना हायसं वाटण्याऐवजी ते जास्तच अस्वस्थ झाले, कारण आता तो ऐन पंगतीत बंद पडणार होता. पंगतीतही पडला नाही. वरात निघेपर्यंत ते त्या यंत्राकडे अशा नजरेने बघत होते की यंत्रालाच अपराधी वाटावं. पुढे कळलं की त्यांचा हा स्वभाव घडण्यात नोकरीचा मोठा वाटा होता. ते एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. म्हणजे बंद पडू शकणाऱ्या गोष्टींकडे पाळीभर टक लावून बघत बसायचं, आणि त्या बंद पडल्या नाहीत तर महिन्याच्या शेवटी पगार घ्यायचा, असं त्यांचं आयुष्य गेलं. अशा माणसाने घरी येऊन आमटीकडे तरी विश्वासाने कसं बघावं? ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, गॅसवर कुकर ठेवला की दाजी शिट्टी होईपर्यंत पेपरचं पान उलटत नसत.

दाजी निवृत्त झाले तेव्हा पैसे कुठे ठेवावेत याचा सल्ला द्यायला सगळं गणगोत नाशिकरोडच्या त्यांच्या फ्लॅटवर जमलं होतं. कुणी पाथर्डीकडे प्लॉट घ्या म्हणालं, कुणी बँकेत ठेव ठेवा म्हणालं, कुणी गाळा सुचवला. दाजींनी प्रत्येक सूचनेतला धोका एकेक करून शांतपणे दाखवून दिला. प्लॉटवर अतिक्रमण होतं, बँक बुडते, गाळ्याचा भाडेकरू निघत नाही. सगळे हात टेकून चिवडा संपवून गेले. आणि पुढच्या महिन्यात ताईचा माझ्या बायकोला फोन आला की यांनी सगळं उन्हावाऱ्यात घातलंय. आधी आम्हाला वाटलं, ताई वैतागून बोलतेय. मग कळलं की तिने अगदी शब्दशः सांगितलं होतं. सौर पॅनेल बनवणारी एक कंपनी, वाळवंटात सौर वीज तयार करून विकणारी दुसरी, आणि पवनचक्क्या उभारणारी तिसरी. या तिघींचे शेअर घेऊन दाजी स्वस्थ बसले होते, आणि या तिघींत पवनचक्कीवाली त्यांची विशेष लाडकी होती.

मी मुद्दाम भेटायला गेलो आणि विचारलं, की दाजी, तुम्हाला लिंबाच्या सरबतातसुद्धा संकट दिसतं, तुम्ही शेअर बाजारात कसे उतरलात?

“पाहुणे, मी जन्मभर कोळसा जाळला,” ते म्हणाले. “वॅगनी भरून यायच्या, रिकाम्या जायच्या. एकदा जाळलेलं पुन्हा कधी दिसलं नाही. एक दिवस बसून विचार केला की अशी कुठली गोष्ट आहे, जिच्याबद्दल मला वाईट सुचत नाही. तर फक्त ऊन सुचलं. आणि वारा.”

मला भरून आलं. एवढ्यात त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि ते म्हणाले, ढग मात्र येतात.

त्या दिवसापासून आकाश ही दाजींची खासगी मालमत्ता झाली. नाशिकला चार-चार दिवस सूर्य दिसला नाही तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे, कारण त्यांचं ऊन राजस्थानात होतं. आपल्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलंय आणि दाजी बाल्कनीत छत्री धरून समाधानाने सांगतायत की जैसलमेरला आकाश निरभ्र आहे, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलंय. तिकडे धुळीचं वादळ झालं की इकडे यांना जेवण जात नसे. पॅनेलवर धूळ बसली असणार, पुसायला पाणी कुठून आणणार, या विचाराने ते ताईला आपल्या घरच्या खिडक्यांच्या काचा पुसायला लावत. एकदा सूर्यग्रहण लागलं. सगळं नाशिक गोदावरीवर स्नानाला लोटलेलं आणि दाजी घरात येरझाऱ्या घालत होते. देवदेव करणाऱ्या ताईने विचारलं की तुम्हाला कधीपासून ग्रहणाची भीती वाटायला लागली, तर म्हणाले की भर दुपारचं उत्पादन बुडतंय, भीती नाही तर काय. वाऱ्यासाठी त्यांनी बाल्कनीच्या गजाला ताईच्या जुन्या साडीची पट्टी बांधली होती. ती फडफडली की चहा गोड लागायचा. नुसती लोंबत राहिली की त्या दिवशी ताईच्या माहेरच्या कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं असायचं.

कंपन्यांचे वार्षिक अहवाल ते शब्दकोश घेऊन वाचत, पण अहवालावर त्यांचा भरवसा नव्हता. छापलेल्या कागदावर यंत्र कधीच बंद पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते प्रत्यक्ष पाहणी करत. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सौर पॅनेलचे लोखंडी सांगाडे बनतात असं त्यांना कुठूनसं कळलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा बसने अंबडला जायचं, त्या कारखान्यासमोरच्या टपरीवर बाकड्यावर बसायचं आणि किती माल बाहेर पडतो ते चेहरा पाडून बघायचं, हा नेम सुरू झाला. धोतर-टोपी असती तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि मुद्रा अशी गंभीर, की आधी गेटवरच्या पहारेकऱ्याला ते कामगार पुढारी वाटले आणि नंतर ऑफिसातल्या लोकांना सरकारी तपासनीस. शेवटी मॅनेजर स्वतः बाहेर आला, त्यांना आदराने आत नेलं, बिस्किटं दिली आणि सगळं कसं नियमाप्रमाणे चाललंय ते सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं. निघताना फक्त म्हणाले की सगळं एवढं चांगलं चाललंय हे काही बरं लक्षण नाही. तो मॅनेजर पुढे किती दिवस झोपला नसेल कोण जाणे.

दाजींना मी निर्भेळ आनंदात एकदाच पाहिलंय, आणि तेही नाशिकच्या द्वारका चौकात. आम्ही दोघं रिक्षाने येत होतो. चौकात सगळं ठप्प. हॉर्न, शिव्या, उन्हाने लाल झालेली माणसं. पवनचक्कीचं एक पातं लादलेला लांबच लांब ट्रेलर सिन्नरकडे वळायचा प्रयत्न करत होता आणि वळता वळत नव्हता. एरवी अशी वाहनं पहाटेच शहर ओलांडून जातात, याला कुठेतरी उशीर झाला असावा. आमचा रिक्षावाला ड्रायव्हरच्या खानदानाचा उद्धार करत असताना दाजी खाली उतरले. मला वाटलं, आता हे सांगणार की पातं मोडणार. पण ते त्या पांढऱ्याशुभ्र पात्याखाली जाऊन उभे राहिले आणि गोठ्यातल्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी त्यावरून हात फिरवला. मग ते चौकाच्या मध्यभागी गेले आणि हात उंचावून वाहनं मागे सारू लागले. कंट्रोल रूममधला तो दबका माणूस बसवाल्यांवर ओरडत होता. ट्रेलर वळून मार्गी लागला तेव्हा ते घामाने निथळत परत आले, रिक्षात बसले आणि लाजून म्हणाले की आपल्या कंपनीचं होतं.

मग ती तेजी आली. सरकार उन्हावाऱ्यावर मेहेरबान झालंय असं रोज पेपरात येऊ लागलं, आणि दाजींच्या तिन्ही कंपन्यांचे भाव चढत गेले. जे नातेवाईक हसले होते तेच पेढे घेऊन यायला लागले. दाजी मात्र भाव जसजसा चढेल तसतसे खंगत चालले. इतक्या उंचीवरून पडल्यावर काय राहणार, हे एकच त्यांच्या डोक्यात. विकून मोकळे व्हा म्हटलं तर तेही नाही. वारा वाहतोय तोवर पवनचक्की सोडून कसं जायचं, असं विचारायचे. आम्हीही घेऊ का, असं जो कुणी विचारे त्याला ते कळवळून सांगत की अजिबात घेऊ नका. आणि इथेच घात झाला. कारण सगळ्यांना वाटलं की म्हातारा लबाड आहे, एकटाच खातोय. माझ्या मेहुण्याला, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाला, तर तशी खात्रीच झाली. त्याचं द्वारकेला टायरचं दुकान आहे. माणूस उतावळा आणि तापट. घरावर मजला चढवायचा म्हणून त्याने पैसे साठवले होते. ते दाजींना न सांगता त्याने त्या पवनचक्कीवाल्या कंपनीत घातले, आणि वर घातल्यानंतर सांगायला आला. दाजींचा चेहरा उतरला. ताई सांगते की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

उतार आला तो एकदम आला नाही. दाजी आम्हाला समोर बसवून समजावून सांगत. वाळवंटात ऊन आहे, पॅनेल आहेत, वीज तयार आहे, पण ती न्यायला तारा ओढून झालेल्या नाहीत. जिथे तारा आहेत तिथे वीज घेणाऱ्यांचे पैसे वेळेवर येत नाहीत. बाहेरून स्वस्त पॅनेल येतायत, त्यामुळे इथे बनवणाऱ्याची पंचाईत. ती अडवली तर पॅनेल बसवणाऱ्याची पंचाईत. कर्ज काढून उभं केलेलं सगळं, व्याज मात्र रात्रीसुद्धा चालू, सूर्य मावळला तरी. हे ते इतकं सोपं करून सांगत की आम्हाला सगळं समजायचं. तरी उन्हाच्या या दोन कंपन्या अर्ध्या भावावर येऊन टिकल्या. पवनचक्कीवालीचं वेगळंच निघालं. मालकांनी आपले शेअर गहाण टाकले होते, हिशेब तपासणारे काम सोडून गेले, आणि मग रोज सकाळी बाजार उघडला की भाव पडायचा तेवढा पडून तिथेच गोठायचा. विकायला सगळे उभे, घ्यायला कुणी नाही.

एका रविवारी मेहुणा भांडायला आला. मी तिथेच होतो. तो बरंच बोलला, लागेल असं बोलला. तुम्हाला आतलं माहीत होतं म्हणूनच घेऊ नका म्हणालात, इथपर्यंत गेला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराने तोंड दाबून होती. मी तुला नको म्हणालो होतो, एवढं एक वाक्य दाजींनी म्हटलं असतं तरी वाद संपला असता. ते त्यांनी म्हटलं नाही. मेहुण्याचा आवाज बसला तेव्हा ते उठले, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाले की पाहुणे, गाडी काढा, याला एकदा दाखवून आणू. कागदावर काहीही असो, डोंगरावर पवनचक्क्या तर उभ्या आहेत ना.

तिघं निघालो. सिन्नर मागे टाकून ठाणगावच्या बाजूला वर चढलं की तो पठाराचा डोंगर लागतो. वर पोहोचलो तेव्हा वारा असा होता की गाडीचं दार उघडेना. पलीकडच्या रांगेतल्या पवनचक्क्या, कुणा दुसऱ्या कंपनीच्या, भरारा फिरत होत्या. आमच्या कंपनीच्या ओळीने उभ्या होत्या, आणि त्यातली एकही हलत नव्हती. तेवढ्या वाऱ्यात ती पाती हात पसरून नुसती उभी होती. खालच्या पत्र्याच्या खोलीतून एक राखणदार बाहेर आला. कंपनीची माणसं आलीत असं वाटून आधी त्याचा चेहरा उजळला, मग आम्ही कोण ते कळल्यावर विझला.

“लय दिस झालं, फिरत नाय,” तो म्हणाला. “दुरुस्तीवाले यायचे बंद झाले. आमी नुसतं तारा कुणी तोडू नये म्हणून हाये.”

दाजी एका खांबापाशी गेले आणि त्याला कान लावून उभे राहिले. मंडपामागे जनरेटरपाशी उभे होते तसे नाही. तेव्हा त्यांना काहीतरी ऐकू येत होतं. इथे आत काहीच नव्हतं. उन्हासाठी घातलेली त्यांची टोपी उडून गेली, ती राखणदाराने पळत जाऊन आणली, त्यांना पत्ता नव्हता. मी जवळ गेलो तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलले.

“बंद पडायला काही कारण असतं, पाहुणे. वाफ कमी होते, बेअरिंग जातं, कोळसा ओला येतो. इथे वारा आहे हो. वारा आहे आणि बंद आहे. हे मला कधी सुचलंच नाही.”

मग त्यांचा चेहरा आकसला आणि ते रडायला लागले. मोठ्याने नाही, पण थांबेनातही. जन्मभर सगळ्या वाईट गोष्टी आधीच सांगून ठेवणाऱ्या माणसाला ही एक सुचली नव्हती, आणि मला वाटतं, पैशांपेक्षा तेच त्यांना जास्त लागलं. मी काही बोलायच्या आत मेहुणा पुढे झाला. भांडायला आलेला तो माणूस. त्याने राखणदाराच्या हातातली टोपी घेतली, झटकली, दाजींच्या डोक्यावर नीट बसवली आणि त्यांचा दंड धरला.

“चला दाजी,” तो म्हणाला. “खाली चहा घेऊ.”

टपरीवर तिघांनी चहा घेतला. त्यानंतर मेहुण्याने पैशांचा विषय आजतागायत काढलेला नाही. त्याच्या घराचा मजला अजून चढलेला नाही. गच्चीवर उभ्या केलेल्या सळ्या गंजल्यात, त्यावर वहिनी कपडे वाळत घालतात.

पुढे कंपनीचं दिवाळं निघालं, प्रकरण न्यायाधिकरणात गेलं. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने त्या पवनचक्क्या पडत्या भावात घेतल्या. बँकांना काहीतरी मिळालं. शेअरवाल्यांचे शेअर रद्द झाले. ते कळलं तेव्हा मी दाजींना धीर द्यायला गेलो, तर त्यांनीच मला समजावलं. धंदा जगेल पाहुणे, म्हणाले, पुढचा काळ त्याचाच आहे. त्यावर पहिल्यांदा विश्वास टाकणारे तेवढे राहत नाहीत. हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं आणि ताईला आत हाक मारून पोहे टाकायला सांगितले.

आणि मग ते बदलले. आम्हाला लगेच कळलं नाही, ताईला कळलं. तिचा माझ्या बायकोला फोन आला, आवाज घाबरलेला. काय झालं विचारलं तर म्हणाली, अगं हे हल्ली सगळं बरं होईल म्हणतात. कुकर ठेवला तरी पेपर वाचत बसतात. मुलीच्या घरी धाकट्याला ताप आला तर म्हणाले, उतरेल. माझ्या पायाचं ऑपरेशन सांगितलंय, तर म्हणाले, होईल ठीक. आम्ही सगळी वर्षं या माणसाने एकदा तरी चांगलं बोलावं म्हणून नवस करायचा तेवढा बाकी ठेवला होता, आणि आता तो बोलत होता तर घरात कुणाला झोप येत नव्हती. डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, तब्येत छान आहे, आणि दाजी त्यावर हो म्हणाले. डॉक्टरशी त्यांचं एकमत झालेलं ताईने पहिल्यांदा पाहिलं.

परवा मेहुण्याला कुणाकडून तरी कळलं की ठाणगावच्या त्या पवनचक्क्या नव्या मालकाने दुरुस्त करून चालू केल्यात. दुकान बंद ठेवून तो माझ्याकडे आला. दाजींना घेऊन जाऊ, म्हणाला, बघितल्यावर पहिल्यासारखं काहीतरी बोलतील. आम्ही गेलो. संध्याकाळचं ऊन तिरपं झालं होतं आणि सगळीच्या सगळी ओळ फिरत होती, पात्यांच्या लांबच लांब सावल्या पठारावरून सरकत होत्या. दाजी गाडीला टेकून बघत राहिले. यातलं आता आमचं काहीच नव्हतं. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“छान फिरतायत,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले की गार लागतंय, निघू या.

आम्ही डोंगर उतरू लागलो. मग मागच्या सीटवरून मेहुण्याने, ज्याने आयुष्यात कधी उद्याची काळजी केली नाही त्याने, घसा खाकरून म्हटलं की दाजी, ओळीतल्या त्या तिसरीचा आवाज मला काही बरा वाटला नाही, गिअरबॉक्स जाणार. टिकेल रे, नवा घातलाय, दाजी म्हणाले. मेहुणा हटला नाही. मग म्हणाला, या वर्षी पाऊस दगा देणार असं दिसतंय. दाजी म्हणाले, पडेल. टायरच्या धंद्याचं काही खरं नाही, तो म्हणाला. चालेल, दाजी म्हणाले. हा घाटाचा रस्ता खचणार, पोरगा परीक्षेत नापास होणार, घराचा मजला काही या जन्मी होत नाही. मेहुणा एकेक वाईट गोष्ट शोधून शोधून पुढे करत होता, आणि दाजी काचेबाहेर अंधारत चाललेल्या डोंगराकडे बघत प्रत्येकीला हळू आवाजात सांगत होते की होईल, होईल ठीक. सिन्नरचे दिवे दिसायला लागले तरी त्याचं चालूच होतं.